कल्टार घालावे, पण कोणी आणि किती?

हंगामाच्या सुरुवातीला वाशीच्या बाजारात पोचलेल्या हापूसच्या पेटीला जो भाव मिळतो, तो मे महिन्यात मिळत नाही. म्हणून कोकणात पावसाळ्यात कलमांच्या मुळांशी कल्टार, म्हणजेच पॅक्लोब्युट्राझोल, घातले जाते. ते घालावे की नाही, यावर बागायतदारांत दोन तट आहेत आणि दोन्हींच्या म्हणण्यात तथ्य आहे.

फांद्यांची लांबी वाढवण्याचे काम जिबरेलिन हे संप्रेरक करते. १९२६ मध्ये जपानी शास्त्रज्ञ एइची कुरोसावा यांनी दाखवून दिले की, भाताची रोपे अवाजवी उंच करणाऱ्या रोगामागे बुरशीतून पाझरणारे एक द्रव्य आहे. पुढे त्यातूनच जिबरेलिन हाती आले. नाशिकचे द्राक्षबागायतदार मणी फुगावेत म्हणून तेच वापरतात. आंब्याचे मात्र उलटे. जिबरेलिन जास्त असेल तर झाड पालवी काढत राहते आणि मोहोर लांबतो. कल्टार झाडातली जिबरेलिनची निर्मितीच रोखते. पालवी थांबते, काडी पक्व होते, मोहोर लवकर येतो.

हापूस एक वर्ष भरभरून देतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतो. कर्ज काढून बाग राखणाऱ्याला असे रिकामे वर्ष परवडत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कल्टारची शिफारस केली ती याच अडचणीवर. ‘झाडाला त्याच्या कलाने फळू द्या’, हा सल्ला अशा बागायतदाराच्या पोटाला पुरत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हे द्रव्य मातीत वर्षाहून अधिक काळ टिकते. शिफारस झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला ३ मिलिलिटरची. पण अंदाजाने ओतत गेले की आदल्या वर्षीच्या अंशावर नवा थर चढतो. मग पेरे आखूड होतात, पाने गुच्छासारखी दाटतात, मोहोराचा तुरा आवळला जातो. दरवर्षी फळ घ्यायचे आणि खतपाण्यात हात राखायचा, तर झाडाचा साठा संपून फांद्या वाळू लागतात.

औषधापेक्षा व्यवहारात अधिक खोट आहे. अनेक बागा कराराने दिल्या जातात. करारदाराला एक-दोन हंगामांचे उत्पन्न हवे असते, झाड मात्र मालकाच्या पुढच्या पिढीलाही पोसणार असते. घालणारा एक आणि भोगणारा दुसरा असला, तर माप सुटणारच.

म्हणून कल्टारवर सरसकट बंदी नको आणि मोकळीकही नको. ते सशक्त, पूर्ण वाढलेल्या कलमांनाच, विस्तार मोजून आणि पुरेशा खतासोबत द्यावे. कोवळ्या आणि आजारी झाडांना देऊच नये. आणि बागेच्या करारपत्रात कोणत्या झाडाला, कधी, किती दिले याची नोंद सक्तीची करावी. बाग सोडताना ती नोंद मालकाच्या हाती आली, तरच पुढच्या वर्षीचे माप त्याला ठरवता येईल.