संयुक्त प्रतिजैविकाची सुई आणि गोपालकाची जबाबदारी

कासदाह, अर्थात खेड्यापाड्यांतून ज्यास ‘दगडी’ म्हणतात तो रोग, दुभत्या जनावरांच्या मालकास नव्याने सांगावयास नको. सकाळी धार काढावयास बसावे, तो कासेचा एक कप्पा सुजलेला. हात लावताच गाय लाथ झाडते आणि धारेत दुधाऐवजी गाठी व पिवळसर पाणी येते. अशा वेळी मालकाचा जीव कासावीस होणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखक कृषी पदवीधर आहे, पशुवैद्य नव्हे. त्यामुळे कोणते औषध द्यावे हे सांगण्याचा अधिकार त्यास नाही. परंतु औषध दिल्यानंतर गोठ्यात काय घडते, हे त्याने गावोगावच्या भेटींत पाहिले आहे, आणि त्याविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

एका गावी गोठ्याच्या कोनाड्यात अर्धी भरलेली औषधाची बाटली दिसली. चौकशी करता कळले की, गाईस दगडी झाली तेव्हा पशुवैद्याने काही दिवसांची औषधयोजना लिहून दिली होती. दोन सुयांनंतर सूज उतरली, म्हणून पुढील सुया दिल्या नाहीत. उरलेले औषध ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून जपून ठेवले. त्यातील थोडे शेजाऱ्याच्या म्हशीस लाळ-खुरकूत रोगात टोचले. पुढे त्याच गाईच्या त्याच सडास पुन्हा दगडी झाली, त्या वेळी औषधाने गुण आला नाही आणि तो सड कायमचा आटला. पूर्ण उपचार झाला असता तर सड खात्रीने वाचला असता, असे म्हणता येणार नाही. कासदाह हा चिवट रोग आहे. पण वाचण्याची संधी मात्र आपल्याच हाताने गमावली गेली. घरातील माणसे प्रामाणिक, कष्टाळू व काटकसरी होती. त्या काटकसरीनेच घात केला.

संयुक्त औषध म्हणजे काय?

१९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनचा शोध लावला. १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगी दिलेल्या व्याख्यानात त्यांनीच इशारा दिला होता की, औषध अपुऱ्या मात्रेत वापरले तर जीवाणू मरत नाहीत, उलट औषधास दाद न देण्यास शिकतात. हा इशारा पुढे अक्षरशः खरा ठरला. कित्येक जीवाणू आता असे विकर तयार करतात की, जे पेनिसिलिनच्या कुळातील औषधाचे तुकडे करून टाकते. म्हणून मूळ औषधास एक जोडीदार दिला जातो. सेफ्ट्रिअॅक्झोनबरोबर टॅझोबॅक्टम किंवा अॅमॉक्सिसिलिनबरोबर सल्बॅक्टम ही अशीच जोडी होय. जोडीदार त्या विकरास अडकवून ठेवतो आणि मूळ औषध आपले काम करते. पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन यांची जुनी जोडी निराळ्या प्रकारची आहे. तीत पहिले औषध जीवाणूच्या भिंतीस खिंडार पाडते व दुसरे आत शिरून घाव घालते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. संयुक्त औषध म्हणजे दुप्पट ताकदीचे टॉनिक नव्हे. ते विशिष्ट जीवाणूंसाठी योजलेले शस्त्र आहे. लाळ-खुरकूत किंवा २०२२ साली महाराष्ट्रात थैमान घातलेला लंपी चर्मरोग हे विषाणूंचे रोग असून, विषाणूंवर या औषधांचा काडीइतका परिणाम होत नाही. जखमांत जीवाणूंचा शिरकाव झाला असेल तर पशुवैद्य ते देतील, पण तो निर्णय त्यांचा. दुसरी गोष्ट अशी की, यांपैकी काही औषधे माणसांच्या रुग्णालयातही वापरली जातात. गोठ्यात ती निकामी झाली, तर त्याची झळ घरातील तान्ह्या मुलासही लागू शकते.

सुई टोचण्यापूर्वी

औषधाची मात्रा जनावराच्या वजनावर ठरते, त्याच्या किमतीवर किंवा मालकाच्या घाईवर नव्हे. वजनकाटा नसेल तर साधी मोजपट्टी पुरते. पुढील पायांच्या लगत मागे छातीचा घेर इंचांत मोजावा. खांद्याच्या टोकापासून शेपटीशेजारील बुडाच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेरास घेराने व नंतर लांबीने गुणून ३०० ने भागले असता अंदाजे वजन पौंडांत येते. घेर ६० इंच व लांबी ५० इंच असल्यास ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो. हा आकडा पशुवैद्यास सांगितल्यास त्यांचे काम सोपे होते. जनावर गाभण आहे काय, पूर्वी कोणत्या औषधाने त्यास त्रास झाला होता काय, हेही अवश्य सांगावे.

भुकटीच्या स्वरूपातील औषध सोबतच्या निर्जंतुक पाण्यातच विरघळवावे व लगेच वापरावे. विहिरीचे किंवा उकळून गार केलेले पाणी चालत नाही. दोन औषधे एका पिचकारीत मिसळू नयेत. विशेषतः व्यालेल्या गाईस कॅल्शियम दिले जात असेल तर ते सेफ्ट्रिअॅक्झोनमध्ये कदापि मिसळू नये, कारण दोहोंचा साका बनतो. प्रोकेन पेनिसिलिन असलेले औषध स्नायूतच द्यावयाचे असते. ते शिरेत गेल्यास जनावर झटके येऊन कोसळू शकते. सुई दिल्यानंतर काही काळ जनावराजवळ थांबावे. धाप लागणे, अंगावर गांधी उठणे, तोंड सुजणे अशी लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्यास बोलवावे. हे सर्व वाचल्यावर सुई स्वतः टोचण्याचा मोह होऊ नये, हीच अपेक्षा आहे.

दुधाचा प्रश्न

आता सर्वांत अवघड भाग. सुईने दिलेले औषध रक्तावाटे चारही सडांच्या दुधात उतरते. म्हणून केवळ आजारी सडाचे दूध टाकून भागत नाही. उकळल्यानेही ते दूध निर्धोक होत नाही. अशा दुधास पुष्कळदा विरजण लागत नाही, हा अनुभव गृहिणींस आहे; मात्र दही लागले म्हणजे दूध शुद्ध, असाही अर्थ कोणी काढू नये. दूध किती दिवस वर्ज्य करावे, हे औषधाच्या वेष्टनावर छापणे २०१२ पासून नियमाने बंधनकारक आहे. विशिष्ट मुदत ठरलेली नसेल तेथे ती निदान सात दिवसांची धरावी लागते. ही मुदत शेवटच्या सुईपासून मोजावयाची असते.

शेतकऱ्याची अडचण येथेच आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. दहा लिटर दूध देणाऱ्या गाईस तीन दिवस सुया दिल्या व पुढे सात दिवस दूध वर्ज्य केले, तर सुमारे शंभर लिटर दूध ओतून द्यावे लागते. लिटरला ३० रुपये धरले तरी तीन हजारांचा खड्डा पडतो. ‘दूध घालू नका’ एवढे सांगून आम्ही अधिकारी निघून जातो. घरातील हप्ता मात्र थांबत नाही. मग ते दूध मुकाट्याने संस्थेच्या टाकीत जाते आणि एका गाईचे औषध साऱ्या गावाच्या दुधात मिसळते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, हा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये. गावच्या दूधसंस्थेने लिटरमागे दहा पैसे बाजूस काढावेत. रोज पाचशे लिटर संकलन असेल तर महिन्यास दीड हजार रुपये जमतात. वरील हिशेबातील एका गाईचे अर्धे नुकसान त्यातून भरून निघते. पशुवैद्याची चिठ्ठी दाखवून जो आपण होऊन दूध थांबवील, त्यास ही मदत मिळावी. जो खरे बोलतो त्यासच भुर्दंड, ही रीत बंद झाल्याशिवाय कोणताही नियम गोठ्यापर्यंत पोहोचणार नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस एक विनंती. लोकांच्या आग्रहाखातर हातात पिचकारी घेऊ नये. जनावरांवरील उपचारांचे अधिकार भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ ने ठरवून दिले आहेत. त्याऐवजी १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकास कळवावे आणि दूधसंस्थेच्या पुढील सभेत वरील निधीचा विषय मांडावा. धारेनंतर सड जंतुनाशक द्रावणात बुडविणे, आजारी गाईची धार सर्वांत शेवटी काढणे आणि धार होताच वैरण घालून जनावर अर्धा तास उभे ठेवणे, या तीन सवयी लावल्या तर मुळात सुईची वेळच कमी येईल.

कोनाड्यातील अर्धी बाटली ही बचत नव्हे. आज घरी जाऊन आपला कोनाडा तेवढा पाहावा.