बंधन वैशाखात नव्हे, कार्तिकात हवे

मालवण तालुक्यातील मसुरे गावाच्या डोंगरमाथ्यावर भरतगड उभा आहे. पायथ्याशी गडनदी कालावलच्या खाडीकडे वळते आणि पैलतीरावर भगवंतगड दिसतो. शिवछत्रपतींनी ही टेकडी किल्ल्यासाठी पाहिली होती, परंतु पाण्याची सोय पुरेशी नाही असे दिसल्याने त्यांनी तो बेत सोडून दिला, अशी हकीकत या भागाच्या इतिहासात सांगितली जाते. पुढे वाडीच्या फोंड सावंतांनी येथे खडक फोडून खोल विहीर खणविली, पाणी लागले आणि मग १७०१ साली गड उभा राहिला. आधी पाणी, मग तट आणि बुरूज, असा त्या काळच्या राज्यकर्त्यांचा क्रम होता.

आज हा क्रम नेमका उलटा झाला आहे. आधी बंगला, आधी बाग, आधी स्लॅबवरची टाकी. पाण्याचा विचार एप्रिल संपत आल्यावर. चैत्र सरू लागला की मालवण तालुक्यातील कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ दाखवू लागतात. नळाचे पाणी दिवसाआड येते. मग फलकांवर सूचना झळकतात: नळाच्या पाण्याने बाग शिंपू नये, गाडी धुऊ नये, नळाला पंप लावून पाणी खेचू नये. या सूचना वाचून काही जण सूर्याला बोल लावतात, काही जण ग्रामपंचायतीला. स्वतःला बोल लावणारा मात्र क्वचितच आढळतो.

उष्मा वाढला आहे, हे कोणी नाकारीत नाही. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे भारतातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. किनारपट्टीवर तापमान ३७ अंशांपर्यंत चढले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असले की हवामान खाते त्याला उष्णतेची लाट म्हणते. पठारावर हीच मर्यादा ४० अंश आहे. कारण उघड आहे. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंगातील ताप बाहेर पडत नाही. हापूसची कोवळी फळे गळतात, वाढलेली उन्हाने भाजतात. शेणाने सारवलेले खळे, त्यावर झापांचा माटव आणि वर कौलांचे छप्पर असलेले घर हा ताप सोसत असे. त्याच्या जागी सिमेंटचा स्लॅब आणि अंगणात फरशी आली. घर तापले आणि ते निववण्यासाठी पाण्याचा खर्च वाढला. परंतु उष्मा वाढला म्हणून विहिरी आटल्या, हे विधान अर्धसत्य आहे.

दुष्काळ आकाशात नाही

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याचा साधा हिशेब करून पाहावा. १०० चौरस मीटरच्या छपरावर एका पावसाळ्यात ३ लाख लिटर पाणी कोसळते. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्या प्रमाणाने पाच माणसांच्या कुटुंबाची वर्षाची गरज सुमारे १ लाख लिटर होते. म्हणजे एका घराची तीन वर्षांची गरज त्याच घराच्या छपरावरून दरवर्षी गटारात, गटारातून व्हाळात, व्हाळातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाते. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांपुरते पाहिले, तर याच कुटुंबाला सुमारे पावणेसतरा हजार लिटर पुरे आहेत. ज्या गावात लाखो रुपयांचे बंगले उठतात, तेथे एवढ्या पाण्याची टाकी बांधणे अशक्य आहे काय?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारला पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर पडतो. सिंधुदुर्गाच्या पावसाचा हा सातवा हिस्साही नव्हे. तरी तेथील ग्रामसभा दरवर्षी पावसाचा ताळेबंद मांडते, यंदा कोणते पीक घ्यावे आणि कोणते घेऊ नये हे ठरवते आणि शेतीसाठी कूपनलिका खोदू देत नाही. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने हे करून दाखवले. चारशे मिलिमीटरवाला हिशेब ठेवतो आणि तीन हजारवाला टँकरची वाट पाहतो, या विसंगतीला निसर्गाचा कोप म्हणता येणार नाही.

जांभ्याचा स्वभाव

कोकणातील जांभा खडक सच्छिद्र आहे, पाणी धरत नाही, मग साठवायचे कोठे, असा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर पूर्वजांनी देऊन ठेवले आहे. सड्यावर पडलेले पाणी जांभ्यातून झिरपते आणि डोंगराच्या कुशीत झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. ते वाहून जाण्याआधी ठिकठिकाणी अडवावे लागते. म्हणून पावसाळा संपला की गावकरी व्हाळांवर माती, दगड आणि झाडाच्या फांद्या यांचे कच्चे बांध घालीत. त्या पाण्यावर वायंगणी भात आणि भाजीपाला पिके आणि त्याच ओलाव्याने आजूबाजूच्या विहिरींची पातळी टिकून राही. डोंगरउतारावरची देवराई हा याच व्यवस्थेचा भाग होता. देवाच्या रायीत कुऱ्हाड चालत नसे, म्हणून तिच्या खालचा झराही जिवंत राहत असे. मसुऱ्याजवळच्या बिळवस येथे सातेरी देवीचे मंदिर पाण्याने वेढलेले आहे. ज्या समाजाने ग्रामदेवतेच्या भोवती पाणी राखले, त्याला पाण्याचे मोल कोणा तज्ज्ञाने शिकवण्याची गरज नव्हती.

ही व्यवस्था मोडली ती कोणा परकीय आक्रमकाने नव्हे. घरातील कर्ता पुरुष चाकरीसाठी मुंबईला गेला, वायंगण ओस पडले, बांध घालायला माणसे उरली नाहीत. त्या जागी कूपनलिका आली. बटण दाबले की पाणी येते, मग थंडीत व्हाळात उतरून दगड कोण रचणार? परंतु खाडीकाठच्या गावात कूपनलिकेचा धोका वेगळाच आहे. तेथे भूगर्भातील गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली, तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस मीटर वर चढू शकते, असे भूजलशास्त्र सांगते. त्यात कालावलच्या खाडीतील बेसुमार वाळूउपशाची भर पडली. पात्र खोल झाले की भरतीचे पाणी अधिक आत शिरते. आटलेली विहीर जूनमध्ये पुन्हा भरते. खारी झालेली विहीर कदाचित पुढच्या पिढीलाही गोडे पाणी देणार नाही.

ज्याचा पंप त्याचे पाणी?

बंधने कोणावर पडतात, हेही नीट पाहिले पाहिजे. दिवसाआड पाणी म्हणजे ज्याच्या गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी आहे त्याला काहीच नाही; ज्या घरात दोन हंडे आणि एक पिंप आहे त्याला मात्र एक दिवस कोरडा. नळाला पंप लावणारा खालच्या वाडीत टाकी भरून घेतो आणि वरच्या वाडीतील माउली तोटीखाली हंडा ठेवून हवेचा आवाज ऐकत बसते. मे महिन्यात मुंबईहून चार दिवस येणारे कुटुंब बंगल्यापुढची हिरवळ भिजवते आणि वर्षभर गाव सांभाळणाऱ्या गरिबाला काटकसरीचा उपदेश ऐकावा लागतो. याला नियमन म्हणत नाहीत. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्यावरील समान हक्काचा उद्घोष केला, तो याच कोकणात. पाण्याच्या वाटपात समरसता नसेल, तर व्यासपीठावरील समरसतेला अर्थ उरत नाही.

शेवटच्या क्षणी लादलेले बंधन किती केविलवाणे असते, हे महाराष्ट्राने २०१६ मध्ये पाहिले. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली. क्रिकेटचे सामने राज्याबाहेर हलवण्यासाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. याउलट १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. जमिनीच्या आकारावर नव्हे तर घरातील माणसांच्या संख्येवर पाणी, भूमिहीनालाही वाटा आणि उसाला बंदी, असे तिचे नियम होते. ती बंधने लोकांनी स्वतः स्वीकारली होती, म्हणून ती जाचक वाटली नाहीत.

गाव ठरवील तर

कायदे नाहीत असे नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यास १९९३ च्या कायद्याने मनाई केली. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला. टंचाईचा कृती आराखडा दरवर्षी तयार होतो; त्यात गाळ काढणे, विंधन विहिरी, खासगी विहिरींचे अधिग्रहण आणि टँकर असे सारे काही असते. परंतु शासकीय कागद व्हाळ अडवीत नाही. जलजीवन मिशनने खेड्यातील घरोघरी नळ नेण्याचे काम हाती घेतले, ही मोठी गोष्ट आहे. तथापि नळामागचा उद्भव जिवंत ठेवणे हे गावाचेच काम आहे.

असे सामूहिक अनुशासन आजच्या काळात शक्य नाही, असे म्हणणाऱ्यांनी मालवण तालुक्याबाहेर जाण्याचेही कारण नाही. मसुऱ्याच्या शेजारच्या आचऱ्यात रामेश्वराच्या कौलाने गावपळण होते. सारा गाव गुराढोरांसह, कोंबड्याकुत्र्यांसह घरे मोकळी टाकून वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांत राहतो. मसुऱ्याच्याच आंगणेवाडीत भराडी देवीच्या जत्रेला लाखो भाविक येतात आणि तासन्‌तास रांगेत उभे राहतात. सर्व पक्षांचे नेते त्या रांगेशेजारून दर्शनाला जातात. देवाच्या शब्दाखातर घर सोडणारा आणि देवीच्या दर्शनासाठी रांग न मोडणारा हा समाज पाण्याच्या पंपाचे बटण ठरल्या वेळी बंद करू शकत नाही, असे कोणी म्हणेल काय?

तेव्हा करायचे ते स्पष्ट आहे. दसरा झाला की प्रत्येक वाडीने आपल्या व्हाळावर बांध घालावा. रिकाम्या सिमेंटच्या पिशव्या, माती आणि श्रमदान एवढेच त्याला लागते. चाकरमानी गणपतीला येतो, त्याने दिवाळीनंतरचा एक रविवारही गावाला द्यावा आणि नव्या घराचा पाया घालण्याआधी छपराच्या पाण्याची टाकी बांधावी. ग्रामसभेने कार्तिकातच विहिरींची पातळी मोजून उन्हाळ्याचा क्रम जाहीर करावा. प्रथम माणसे, मग गुरे, मग नवी कलमे, मग उभी बाग, आणि शेवटी, उरलेच तर, शोभेची हिरवळ. लहान कलमे मरू द्यावीत असे कोणीही म्हणत नाही. आळ्यात गवताचे जाड आच्छादन, बुंध्याजवळ पुरलेले पाझरते मडके आणि ऊन उतरल्यावर घातलेले मोजके पाणी एवढ्यावर ती तग धरतात. पाइप सोडून भर दुपारी शिंपलेले पाणी मात्र झाडाआधी सूर्यच पितो. खाडीकाठी नवी कूपनलिका नको आणि नळाला पंप तर कोणाचाच नको, मग तो सरपंचाचा असो, कार्यकर्त्याचा असो वा पाहुण्याचा. पहिला पंप कार्यकर्त्याने काढावा. त्यानंतर त्याने दुसऱ्याला सांगितलेले शोभेल.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील पाण्याविषयी जी शिकवण आहे, ती आजच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने समजून घेण्यासारखी आहे. झरा वाहतो आहे, पाणी पुरते आहे, म्हणून निश्चिंत राहू नये; संकटकाळासाठी वेगळी टाकी बांधावीत आणि त्यांतील पाणी एरवी खर्चू देऊ नये, असा तिचा आशय आहे. मुबलकतेच्या दिवसांत घातलेले बंधन हीच खरी राजनीती, हे त्या पिढीला ठाऊक होते. भरतगडावर पाणी लागेपर्यंत खडक फोडत राहिलेल्या माणसांचे वंशज आज पायथ्याशी टँकरच्या भोंग्याकडे कान लावून बसलेले शोभत नाहीत. येत्या कार्तिकात मसुऱ्याच्या व्हाळावर पहिला दगड कोण ठेवतो, यावर पुढच्या वैशाखात वरच्या वाडीतील हंडा भरेल की नाही हे ठरणार आहे.