हाती पाच तास, समोर जुने गोवे

मुंबईहून सायंकाळी निघालेले पर्यटन जहाज दुसऱ्या दिवशी मुरगाव बंदराला लागते. उतरणाऱ्या प्रवाशांच्या हाती जेमतेम पाच-सहा तास असतात. जालन्यासारख्या समुद्रापासून दूरच्या गावातून आलेली कुटुंबे बहुधा समुद्रकिनारा किंवा पणजीची बाजारपेठ गाठतात. ज्या घरात दुकानाची किल्ली एका पिढीकडून दुसरीकडे जाते, त्या घरातील मंडळींनी मात्र सुमारे तासाभराच्या वाटेवरचे, मांडवीकाठचे जुने गोवे अवश्य पाहावे.

आरंभ नदीकाठच्या व्हाइसरॉयच्या कमानीपासून करावा. वास्को द गामाच्या पणतूने ती १५९९ मध्ये आपल्या पणजोबांच्या स्मरणार्थ उभारली. नवा व्हाइसरॉय याच कमानीतून नगरात प्रवेश करी. जवळच सेंट कॅजेटनचे चर्च आणि आदिलशाही वाड्याची म्हणून दाखविली जाणारी दगडी चौकट आहे. पुढे भव्य से कॅथेड्रल आणि रस्त्यापलीकडे १६०५ मध्ये पूर्ण झालेले बॉम जीझसचे चर्च लागते. तेथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव जतन केलेले आहे. शेवटी टेकडीवर ऑगस्टीन मठाचा अर्धा ढासळलेला मनोरा उभा आहे. हे सारे पायी अडीच तासांत होते. सूर्यास्तापूर्वी जहाजावर परतावयाचे असल्याने चौविहार पाळणाऱ्यांचीही अडचण होत नाही. सोबत कोरडा खाऊ मात्र घ्यावा.

इमारती पाहून झाल्यावर एक प्रश्न उरतो. चर्चे आहेत, पण नगर कोठे आहे? आल्बुकर्कने १५१० मध्ये विजापूरकरांकडून जिंकलेल्या या नगराची वस्ती भरभराटीच्या काळात दोन लाखांच्या घरात होती, असे सांगतात. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून येणारे घोडे येथे उतरत आणि त्यांवरील जकातीने खजिना भरे. ‘रुआ दिरेता’ या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी लिलाव चाले. त्यात मालाबरोबर माणसेही विकली जात, हे विसरता येत नाही. आज त्या पेठेच्या जागी माडांची बाग आणि झुडपे दिसतात.

ही उतरती कळा एका दिवसात आली नाही. घोड्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक विजयनगर होते. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत ते साम्राज्य मोडले आणि त्याबरोबर गोव्याची मोठी मागणी संपली. आर्चबिशपकडे लेखनिक असलेल्या लिंशोटेन या डच तरुणाने सागरी मार्गांची माहिती १५९६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे डचांचीच गलबते गोव्याचे बंदर अडवू लागली.

याहून मोठी हानी नगराने स्वतःच्या हाताने केली. १५६० मध्ये येथे इन्क्विझिशन बसले. परधर्मीयांवरील निर्बंध वाढले आणि अनेक कुटुंबे आपले देव घेऊन नदीपलीकडे फोंड्याकडे गेली, काही दक्षिणेस कानडा मुलखात उतरली. औषधी वनस्पतींवर मोलाचा ग्रंथ लिहिणारे वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये निवर्तले. ते ज्यू वंशाचे होते. १५८० मध्ये त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. जेथे मृताच्या अस्थींनाही अभय नाही, तेथे जिवंत व्यापाऱ्याने ठेव कोणत्या भरवशावर ठेवावी?

उरले ते पाण्याने नेले. सच्छिद्र जांभ्या दगडातून सांडपाणी झिरपून विहिरींत उतरले आणि साथींमागून साथी आल्या. १६९५ मध्ये व्हाइसरॉयच पणेलीला राहावयास गेला. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली.

वेळ उरलाच तर फोंड्याजवळ बांदिवडे येथील नेमिनाथ बस्तीचे भग्नावशेष पाहावेत. पोर्तुगीजांच्या आधी या भूमीवर जैन समाज नांदत होता, याची ती मूक साक्ष आहे.

‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. जुन्या गोव्याविषयीही लोक असेच बोलत. परंतु २०१२-१३ च्या दुष्काळात याच जालन्याने टँकरची वाट पाहिली. घाणेवाडी तलावातील गाळ उपसण्यासाठी नागरिकांबरोबर उद्योजक आणि व्यापारी पुढे आले, तो खर्च कोणत्याही पेढीच्या नफ्यात दिसत नाही. तरीही मोंढ्यातील प्रत्येक दुकानाचे भांडवल त्यावर उभे आहे. गावाचे पाणी निर्मळ राहावे आणि परक्या माणसाला तेथे निर्धास्त व्यवहार करता यावा, या दोन गोष्टी सांभाळल्या तर बाजारपेठ टिकते. जहाजावर परतताना नातवंडांना एवढे सांगितले, तरी पाच तासांचे चीज झाले.