कामाला जा, पण संगणकाला हात लावू नका

अमेरिकेत संघीय गुन्ह्याची शिक्षा भोगून माणूस तुरुंगाबाहेर येतो, तेव्हा बहुधा तो पुरता मोकळा झालेला नसतो. पुढची काही वर्षं त्याला देखरेखीखाली काढावी लागतात. त्याच्यावर एक प्रोबेशन अधिकारी नेमलेला असतो आणि हातात अटींचा कागद असतो. २०१६ साली सुधारून लिहिलेल्या या अटींत एक अशी आहे, की त्यानं आठवड्याला किमान ३० तास कायदेशीर काम केलं पाहिजे, आणि काम नसेल तर ते शोधलं पाहिजे. नोकरी बदलायची तर १० दिवस आधी कळवायचं. अट शहाणपणाची आहे. पण गुन्ह्यात संगणकाचा वापर झाला असेल, तर त्याच कागदावर आणखी एक अट येऊ शकते : अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून इंटरनेट वापरायचं नाही.

माझी सगळी नोकरी बँकेत झाली. एकमेकांना छेद देणारी परिपत्रकं आम्हाला नवी नव्हती. सकाळच्या टपालात एक, दुपारच्या टपालात दुसरं. पण त्यात घोळ झाला तर फार तर मेमो यायचा. इथं अट मोडली तर माणूस पुन्हा तुरुंगात जातो.

या बाबतीत सर्वांत गाजलेलं नाव केव्हिन मिटनिकचं. टेलिफोन आणि सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संगणकांत शिरणारा हा माणूस फेब्रुवारी १९९५ मध्ये पकडला गेला, सुमारे पाच वर्षं तुरुंगात राहिला आणि जानेवारी २००० मध्ये सुटला. पुढच्या तीन वर्षांसाठी त्याला साध्या घरगुती फोनाखेरीज जवळजवळ कशालाच हात लावायची मुभा नव्हती. बाकी सगळं परवानगीनं. येत काय होतं त्याला? संगणक! त्यानं लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ केंद्रावर इंटरनेटविषयी बोलण्याचा कार्यक्रम केला. मार्च २००० मध्ये खुद्द सिनेटच्या समितीनं त्याला बोलावून सरकारी संगणकांच्या सुरक्षिततेविषयी साक्ष घेतली. म्हणजे संगणकाबद्दल देशाला सल्ला द्यायला चालेल, संगणक मात्र शिवायचा नाही. २००१ साली एका दूरचित्रवाणी मालिकेत त्यानं गुप्तहेर खात्याच्या माणसाची छोटी भूमिका केली, तेव्हा त्याच्यासमोर ठेवलेला संगणकही नाटकातल्या तलवारीसारखा खोटा होता. जानेवारी २००३ मध्ये बंदी उठली, आणि २०२३ साली तो वारला तोवर कंपन्या त्याला पैसे देऊन आपल्या यंत्रणेतली भोकं शोधून घेत होत्या.

मिटनिकचं निभावलं, कारण तो मिटनिक होता. ज्याला रेडिओवाले बोलावणार नाहीत त्याचं काय?

२००१ साली न्यूयॉर्कच्या सर्किट न्यायालयापुढे असाच एक अप्रसिद्ध माणूस उभा होता. चालू गुन्हा बँकेच्या पैशांच्या चोरीचा. मी बँकवाला असल्यानं त्याच्याबद्दल मला सहानुभूती वाटायचं कारण नाही. पण खालच्या न्यायालयानं त्याच्या संगणक आणि इंटरनेट वापरावर घातलेली बंदी वरच्या न्यायालयानं रद्द केली, आणि त्यासाठी दिलेला दाखला कोणालाही पटेल असा आहे. टेलिफोनवरून कोणी फसवणूक केली, म्हणून त्याला जन्मात फोन उचलू द्यायचा नाही असं आपण म्हणत नाही. दोन वर्षांनी शिकागोच्या सर्किट न्यायालयापुढे याहून अवघड प्रकरण आलं. गुन्हा मुलांची अश्लील चित्रं बाळगल्याचा, आणि माणसाची जवळजवळ सारी नोकरी संगणकी दूरसंचाराच्या क्षेत्रातली. न्यायालयानं गुन्ह्याला सौम्य मानलं नाही. पण सरसकट बंदी घातली तर हा माणूस पुन्हा पोटाला लागायचाच नाही, हेही त्याला दिसलं. अट अधिक नेमकी करा, म्हणून प्रकरण परत पाठवलं.

तुम्ही म्हणाल, लेकीबाळी असलेल्या माणसाला विचारा. बरोबर आहे. १९९९ साली दुसऱ्या एका सर्किट न्यायालयानं असाच इंटरनेटबंदीचा हुकूम कायम केला. त्यातल्या आरोपीनं १४ वर्षांच्या मुलीशी इंटरनेटवरूनच ओळख वाढवली होती. तिथं मला त्या न्यायाधीशांशी भांडावंसं वाटत नाही. ज्या दारानं माणूस आत शिरला ते दार बंद करणं वेगळं आणि त्याला घरात, कचेरीत, दुकानात सगळीकडेच दार नाकारणं वेगळं. ही निवड माणसागणिक करावी लागते, त्याला वेळ लागतो, आणि सरसकट मनाई एका ओळीत लिहून होते. मला वाटतं, ती इतक्यांदा लिहिली जाण्याचं एक कारण हेच असावं.

एका ओळीच्या मनाईनं काय होतं, ते मी एका शाखेत पाहिलेलं आहे. कोअर बँकिंग आल्यानंतरची गोष्ट. एका अधिकाऱ्याची चौकशी चालू होती. निलंबन केलं नाही, फक्त त्याचा यूजर आयडी बंद केला. तो वेळेवर यायचा, सही करायचा, टेबलाशी बसायचा. पूर्वी लेजर होती, तेव्हा अशा माणसाला निदान बेरजा तपासायला देता आल्या असत्या. आता पासबुक छापायलाही आयडी लागत होता. गिऱ्हाइकं सवयीनं त्याच्यासमोर येऊन उभी राहत आणि तो शेजारच्या खिडकीकडे बोट दाखवी. दुपारी डबा उघडताना तो सगळ्यांत आधी उघडायचा, कारण हातात दुसरं काहीच नसायचं. पगार चालू होता, बडतर्फीची टांगती तलवार होती, आणि तरी तो आम्हाला म्हणाला होता, "साहेब, व्हाउचरं शिवायला द्या, पण काहीतरी द्या."

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९ जून २०१७ रोजी याबाबत एक निकाल दिला. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या कायद्यानं लैंगिक गुन्ह्यांच्या नोंदवहीत नाव असलेल्यांना समाजमाध्यमांची दारं बंद केली होती. अशा एकानं २०१० साली, वाहतुकीच्या दंडातून सुटल्याबद्दल देवाचे आभार मानणारा मजकूर फेसबुकवर टाकला आणि पुन्हा दोषी ठरला! न्यायाधीशांनी एकमतानं तो कायदा मोडीत काढला. न्यायमूर्ती केनेडींच्या निकालपत्राचा रोख असा, की सुधारू पाहणाऱ्या गुन्हेगाराला तर जगाशी जोडून घेण्याची ही साधनं अधिकच उपयोगी पडू शकतात. नोकऱ्यांच्या जाहिरातीही आता तिथंच असतात. मात्र तो माणूस शिक्षा पूर्ण करून मोकळा झालेला होता. जे अजून देखरेखीखाली आहेत त्यांना हा निकाल कितपत लागू, याबद्दल खालच्या न्यायालयांत एकमत नाही.

आपल्याकडे तुरुंगवासानंतरच्या देखरेखीची अशी रूढ पद्धत नाही. पण जामिनाच्या अटींतून हाच प्रश्न मागच्या दारानं आलेला आहे. २०२० साली अलाहाबाद उच्च न्यायालयानं समाजमाध्यमं वापरायची नाहीत या अटीवर जामीन दिला होता. त्याच वर्षी जानेवारीत, काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात, इंटरनेटवरून धंदा-व्यवसाय करण्याला घटनेचं संरक्षण आहे असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत समोरासमोर आल्या तर काय, हे एखाद्या जिल्हा न्यायाधीशाला ठरवावं लागणार आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बँकेत नोकरी नाही, असं १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचं १० वं कलम सांगतं. ते मला मान्य आहे. लोकांचा पैसा सांभाळायचा तर तेवढं हवंच. पण तो कायदा एक दार बंद करतो. बाकीची उघडी असतात. माणूस रिक्षा चालवील, दुकानात वजन करील, पहारा करील, असं आपण गृहीत धरलेलं असतं.

आता रिक्षाचं भाडं मोबाइलवर येतं. वाण्याच्या दुकानात क्यूआर कोडवर पैसे घेतले जातात. आमच्या सोसायटीचा वॉचमन पाहुण्याचा फोटो काढून मोबाइलवरून वर पाठवतो आणि आम्ही हो म्हटल्यावरच फाटक उघडतो.