पानी लिहिले म्हणून हसू नका

बाईंनी या भित्तिपत्रकासाठी लिहायला सांगितले तेव्हा मी वहीवर 'भिंतीपत्रक' असेच लिहिले होते. बाईंनी ते खोडले. म्हणाल्या, भिंत आपली मराठी, पण 'भित्ति' हा संस्कृत शब्द, आणि पुढे शब्द जोडला की त्याची वेलांटी पहिलीच राहते. कारण कळले, म्हणून आता हा शब्द माझा चुकणार नाही. नाहीतर काय, दहा वेळा लिही! मागे मी 'परीक्षा' हा शब्द पन्नास वेळा लिहिला होता. त्यातला शेवटचा दहा वेळा चुकलाच होता, कारण हात दुखत होता.

म्हणून माझे मत असे आहे की शुद्धलेखनात चुका मोजण्यापेक्षा कारण सांगावे.

आता आपले बदलापूरच घ्या. गावाच्या नावात 'पूर' आला की पू दीर्घ लिहायचा, असा नियमच आहे. नागपूर, सोलापूर तसेच. पण बाजाराला गेलो की 'बदलापुरात' गेलो, तिथे पु ऱ्हस्व. शेपूट लागले की उकार आखूड होतो. हे मला मामाने गाडीत सांगितले. मामा उल्हासनगरला राहतो. तो म्हणाला, संस्कृतात 'उल्लास', मराठीत 'उल्हास', आणि नदीचे नाव मराठी आहे. वर्गातल्या एकाने इंग्रजी पाटी वाचून 'अंबेरनाथ' लिहिले होते. अंबर म्हणजे आकाश हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

पण सगळ्याच चुका नियमाने सुटत नाहीत. आमच्याकडे घरी ण ला न आणि ळ ला ल म्हणतात. माझी आजी 'पानी', 'डोला', 'शाला' असेच बोलते. बाई श्रुतलेखनात 'पाणी' सांगतात, पण हात घरचेच लिहितो. माझ्या एका मैत्रिणीने नदीच्या निबंधात पाच वेळा 'पानी' लिहिले. ते मोठ्याने वाचले गेले आणि सगळा वर्ग हसला. मी पण हसलो. खोटे कशाला सांगू.

त्यानंतर तिचे निबंध लहान होत गेले. आधी दोन पाने लिहायची, आता पाच ओळी. मी विचारले तर म्हणाली, "जे शब्द येतात तेवढेच लिहिते, मग चूक होत नाय." तिच्या वहीत आता खरेच एकही लाल खूण नसते. पण खेकडे कसे धरायचे, पूर आला की नदीचा वास कसा बदलतो, हे आता ती लिहीत नाही. वर्गात हे तिच्याइतके कोणालाच माहीत नाही.

आमच्या पणजोबांची हिशेबाची जुनी वही ट्रंकेत आहे. त्यात 'नांव', 'घरांत', 'कांहीं' असे लिहिले आहे. मला वाटले, पणजोबा कच्चे होते! बाई म्हणाल्या, नाही, तेव्हा तेच बरोबर होते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम सरकारने मान्य केले. १९७२ साली आणखी ४ आले, असे १८ झाले. उच्चार होत नाही तो अनुस्वार देऊ नये, असे त्यात ठरले. म्हणजे पणजोबांचे बरोबर ते माझ्या वहीत चूक. मग चुकणाऱ्याला ढ कसे म्हणायचे?

नियम नकोत असे मी म्हणत नाही. ण आणि ळ शिकलेच पाहिजेत. बाईंनी आता वर्गात 'घरचा शब्द' आणि 'वहीचा शब्द' असे दोन रकाने केले आहेत, त्याने माझे ण बरेच सुधारले. आजीचे बोलणे चुकीचे आहे असे मात्र कोणी म्हणू नये.

आलेल्या पालकांना एक विनंती. याच भित्तिपत्रकावर खाली उजव्या कोपऱ्यात माझ्या मैत्रिणीचा खेकड्यांवरचा निबंध लावला आहे. खूप दिवसांनी तिने पूर्ण पान लिहिले आहे. त्यात चार चुका आहेत, बाईंनी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. आधी निबंध शेवटपर्यंत वाचा, मग खुणा बघा.