ऑफिस जवळ आले, म्हणून घरून काम सोडावे का?

मुलाने किंवा मुलीने पुण्यात कंपनीच्या जवळ घर घेतले, की गावाकडे आई-वडिलांना हायसे वाटते. रोजची दगदग वाचली, आता वेळेवर जेवण होईल, वेळेवर झोप मिळेल, असे ते चार जणांना सांगतात. महिना-दीड महिना जातो आणि दवाखान्यात रक्तदाब तपासून घेताना तेच वडील विचारतात, ‘‘डॉक्टर, ऑफिस आता दोन किलोमीटरवर आलंय, तरी पोरगा आठवड्यातले तीन-चार दिवस घरीच बसून काम करतो. हे बरं दिसतं का?’’

बरे दिसते की नाही, हे शेजारीपाजारी ठरवतील. प्रकृतीला बरे आहे का, एवढेच डॉक्टर सांगू शकतो. माझे मत प्रथमच सांगून टाकतो. ऑफिस जवळ आले एवढ्याच कारणावरून घरून काम करण्याची सवलत सोडू नये. मात्र ती पूर्वीसारखी वापरूही नये.

सवलत कशासाठी होती?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आपल्या भागातली कितीतरी मुले लॅपटॉप घेऊन घरी आली. कुणी माळ्यावर बसले, कुणी देवघराशेजारच्या खोलीत. पुढे कंपन्यांनी हळूहळू परत बोलावले, तेव्हा अनेकांनी काही दिवस घरून काम करण्याची परवानगी मागून घेतली. अर्जात कारण लिहिले ते अंतराचे. हडपसरला राहणाऱ्याला हिंजवडीला जायचे म्हणजे २५-३० किलोमीटरची वाट आणि त्यात वाहनांची कोंडी. कारण खरेच होते.

परंतु त्या परवानगीने प्रवासाखेरीज आणखीही गोष्टी मिळाल्या. दुपारचे जेवण घरचे आणि ताजे झाले. रक्तदाबाची, थायरॉइडची गोळी चुकेनाशी झाली. मुलाला ताप आला तर रजा न काढता त्याच्याजवळ बसता आले. अंगावर पाजणाऱ्या आईची ओढाताण कमी झाली. म्हाताऱ्या सासऱ्यांना इन्सुलिन द्यायला घरात कुणीतरी राहिले. या गोष्टींचा ऑफिस ३० किलोमीटरवर आहे की दोन, याच्याशी संबंध नाही. घर बदलले म्हणून बाळाचे दूध किंवा सासऱ्यांचे इन्सुलिन बंद होत नाही.

कायद्यानेही या सवलतीकडे असेच पाहिले आहे. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन रजा २६ आठवड्यांची झाली, तेव्हा रजेनंतर घरून काम देण्याची तरतूदही आली. तिच्यात अट आहे ती काम घरून होण्यासारखे असण्याची आणि मालक व कर्मचारी यांच्या परस्पर संमतीची. घर किती लांब आहे, हे त्यात विचारलेले नाही.

आता दुसरी बाजू

इथवर वाचून घरी बसणारी मंडळी खूश झाली असतील. त्यांच्यासाठी एक जुनी हकीकत सांगतो. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधील दुमजली बसगाड्यांच्या चालकांचा आणि वाहकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघांची गाडी एक, रस्ता एक. चालक दिवसभर बसलेला, तर वाहक तिकिटे देत जिना चढत-उतरत असे. हृदयविकार चालकांपेक्षा वाहकांमध्ये कमी आढळला आणि झाला तरी सौम्य. बैठ्या कामाचा धोका ज्या अभ्यासांनी जगापुढे आणला, त्यांत हा अग्रभागी मानला जातो.

घरून काम करणारा माणूस हा त्या चालकाहूनही बैठा. चालक निदान गाडीपर्यंत चालत तरी जात असेल. इथे पलंगापासून टेबलापर्यंत बारा पावले आणि टेबलापासून जेवणापर्यंत आठ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर आहे. अशा देशात वीस पावलांचा दिवस परवडणारा नाही.

गेल्या दिवाळीत अडतीस वर्षांचा एक तरुण आई-वडिलांकडे आला असताना मान आखडली म्हणून माझ्याकडे आला. वर्षभरात वजन नऊ किलोने वाढलेले. उपाशीपोटी साखर ११८, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पूर्वी हडपसरहून सकाळी साडेसातला निघायचा. आता घर कंपनीच्या जवळ, तरी तो जवळजवळ रोज घरूनच काम करत होता, तेही पलंगावर लॅपटॉप ठेवून. प्रवासाचे तीन तास वाचतात, ते जातात कुठे, असे मी विचारले. थोडा विचार करून तो म्हणाला, ‘‘कामातच जातात. रात्री अकरापर्यंत मिटिंगा असतात.’’

वाचलेल्या वेळेला आपण मालक नेमला नाही, की कंपनी तो वेळ आपोआप घेते. यात कंपनीचा दुष्टपणा असतोच असे नाही. लॅपटॉप उघडा असतो, माणूस घरातच असतो, काम येत राहते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त आढळला. घरचे ५५ तास ऑफिसच्या ५५ तासांपेक्षा हलके असतात, असे समजण्याचे कारण नाही.

दोन किलोमीटरचे औषध

लांबच्या ऑफिसला जाणे म्हणजे शरीराची झीज होती. जवळच्या ऑफिसला जाणे हे औषध होऊ शकते. हिशेब सोपा आहे. दोन किलोमीटर अंतर झपझप चालत साधारण २५ मिनिटांत होते. जाऊन-येऊन ५० मिनिटे. आठवड्यातून तीन दिवस गेले, की १५० मिनिटे झाली. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. जिमची फी नाही आणि पहाटेचा गजर नाही. शिवाय वाटेत कोवळे ऊन मिळते.

म्हणून माझा सल्ला असा, की तीन दिवस पायी ऑफिसला जावे आणि दोन दिवस घरून काम करावे. रस्ता धोक्याचा असेल, पदपथ नसेल, तर आडवाट शोधावी, गर्दीच्या आधी निघावे. गाड्यांच्या मधून जीव मुठीत धरून चालण्याला मी व्यायाम म्हणत नाही. दोन किलोमीटरसाठी मोटारसायकल काढणाऱ्यांनी मात्र जवळ घर घेऊन काय कमावले, याचा विचार करावा.

ही विभागणी सर्वांना सारखी लागू नाही. गरोदरपणात गुंतागुंत असलेल्या, मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या, दम्याचा त्रास वाढलेल्या किंवा घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण असलेल्या व्यक्तींनी घरचे दिवस वाढवून मागावेत. उलट एकट्या राहणाऱ्यांनी, उदास वाटणाऱ्यांनी, दुपारपासूनच ग्लासाकडे लक्ष जाणाऱ्यांनी रोज ऑफिस गाठावे. चार माणसांत बसून चहा पिणे हा त्यांच्या उपचाराचाच भाग आहे.

पत्ता लपवू नका

त्या तरुणाने नवा पत्ता कंपनीला कळवलाच नव्हता. कळवला तर सवलत जाईल, ही धास्ती. साहेबांचा फोन आला की छातीत धडधडे, कंपनीच्या परिसरात भाजी घ्यायलाही तो जात नसे. अशी सवलत शरीराला सुख देत नाही. पत्ता कळवावा, आणि अर्ज अंतराच्या कारणावर न करता कामाच्या व प्रकृतीच्या कारणावर नव्याने करावा. कोणते काम घरी शांतपणे अधिक चांगले होते, कोणत्या कामाला समोरासमोर बसावे लागते, हे एका कागदावर मांडले, तर बोलणे सोपे जाते. नकार आला तरी ऑफिस दोन किलोमीटरवर आहे, आभाळ कोसळत नाही.

येथे आणखी एक सांगणे आहे. अलीकडे काही जण केवळ ही सवलत टिकवण्यासाठी कंबरदुखीचा दाखला मागायला येतात. दुखणे असेल तर तपासून दाखला जरूर मिळेल. नसलेल्या दुखण्याचा दाखला डॉक्टरकडे मागू नये.

मालकांनीही अंतर मोजण्यापेक्षा काम मोजावे. चीनमधील एका मोठ्या प्रवास कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिल्याने कामगिरी घटली नाही आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने कमी झाले. लांबून येणाऱ्यांना या सवलतीचे मोल अधिक वाटले, हेही त्यात दिसले. तेव्हा जवळ राहणाऱ्याने दूरच्या सहकाऱ्याहून एखादा दिवस जास्त ऑफिसला जावे, हे न्यायाचेच आहे.

घरच्या दिवसांची पथ्ये

१. पलंगावर किंवा गादीवर बसून काम करू नये. टेबल-खुर्ची हवी, पाय जमिनीला टेकावेत. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर ठेवून पडदा डोळ्यांच्या रेषेत आणावा आणि कळफलक वेगळा घ्यावा.

२. दर अर्ध्या तासाने उठावे. फोनवरचे बोलणे चालत करावे.

३. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहावे, पापण्या मिटत राहाव्यात. डोळ्यांची आग बरीच कमी होते.

४. काम संपवण्याची वेळ ठरवावी आणि त्या वेळी लॅपटॉप कपाटात ठेवावा. टेबलावर राहिला तर तो पुन्हा उघडतो.

५. पस्तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, वजन आणि कंबरेचा घेर मोजून घ्यावा.

आणि एक पथ्य आम्हा वडीलधाऱ्यांसाठी. सून घरून काम करते, म्हणजे ती घरी मोकळी आहे असे नव्हे. पाहुण्यांचा चहा, गॅसचा सिलिंडर, दारावरचा कुरिअरवाला हे सारे तिच्याच माथी मारले, तर तिचे ऑफिसचे काम रात्री दहाला सुरू होते. मुलगा घरून काम करत असला तर आपण त्याच्या खोलीचे दार लोटून घेतो. सुनेच्या खोलीचेही लोटून घ्यावे.

तो तरुण होळीला आला तेव्हा पुन्हा भेटला. पत्ता कळवला, साहेबांनी दोन दिवस घरून काम मान्य केले, तीन दिवस तो पायी जातो. वजन तीन किलोने उतरले आहे. साखर अजून १०६ आहे, तेव्हा साखरेचा चहा बंदच ठेवायला सांगितला आहे. पुढची तपासणी श्रावणात.