एका नावाचे दोन वारस

सांवेर हे इंदूर-उज्जैन रस्त्यावरचे गाव. जुन्या हिशेबाने सांगावयाचे, तर होळकरांच्या मुलखातले आणि शिंद्यांच्या उज्जैनीचे शेजारी. दोन्ही घराणी पेशव्यांच्या छत्राखाली वाढली. पुढे मात्र दोघांची फौज निराळी, फडणिशी निराळी आणि अभिमानही निराळा. 28 मे 1948 रोजी मध्यभारताचे राज्य स्थापन झाले, तेव्हा या दोन अभिमानांना एका घरात नांदविण्याचा प्रश्न उभा राहिला. ग्वाल्हेरचे महाराज राजप्रमुख झाले, इंदूरचे महाराज उपराजप्रमुख झाले. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, अशी वाटणी ठरली. दफ्तरांची ने-आण करणे खर्चाचे होते, यात शंका नाही. तरीही एकाला मान देताना दुसऱ्याला दाराबाहेर काढले गेले नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्य प्रदेश अस्तित्वात येऊन राजधानी भोपाळला गेली आणि तो संसार संपला.

हे स्मरण होण्यास संगणकाच्या जगातला तसाच एक तंटा कारण झाला आहे. वाचकहो, हा विषय आपला नव्हे, असे म्हणून पान उलटू नये. आपल्या वाचनालयांच्या ग्रंथयाद्या आता हळूहळू संगणकावर चढत आहेत. त्या कामासाठी अनेक ठिकाणी 'कोहा' नावाची विनामूल्य प्रणाली वापरतात. पुस्तकाचे नाव, लेखक, सभासद, देवघेव, ही सारी माहिती कोहा स्वतःजवळ ठेवीत नाही. ती एका डेटाबेसच्या, म्हणजे शिस्तीने लावलेल्या प्रचंड नोंदवहीच्या, स्वाधीन करते. त्या नोंदवहीवरूनच हा तंटा आहे.

मायएसक्यूएल हा असाच एक डेटाबेस. 1995 साली तो प्रथम लोकांपुढे आला. त्याच्या जनकांपैकी मायकेल विडेनियस यांनी त्याला आपल्या थोरल्या कन्येचे नाव दिले. त्याची मूळ संहिता सर्वांस खुली होती. कोणीही ती वाचावी, बदलावी, पुढे चालवावी. 2008 साली सन कंपनीने तो सुमारे शंभर कोटी डॉलरांना विकत घेतला. पुढे सन कंपनीच ऑरेकलने घेण्याचे ठरविले आणि जानेवारी 2010 मध्ये तो व्यवहार पुरा झाला. ऑरेकलचा मोठा धंदा स्वतःच्या विकाऊ डेटाबेसचा. तेव्हा या फुकटच्या भावंडाला ती कंपनी कितपत जपेल, अशी शंका अनेकांस आली. विडेनियस यांनी खुली संहिता घेऊन 2009 मध्येच वेगळी चूल मांडली आणि तिला धाकट्या कन्येचे नाव दिले, मारियाडीबी. संहिता नेता आली, परंतु नाव नेता आले नाही. कारण नावावर कंपनीचा हक्क होता.

आता लिनक्सची वितरणे पुढे येतात. लिनक्स कोणा एका दुकानात तयार मिळत नाही. हजारो आज्ञावली गोळा करून, एकमेकींशी जुळवून, पुडक्यांत बांधून लोकांच्या हाती देणारी मंडळे असतात. डेबियन, फेडोरा, उबुंटू ही त्यांतली काही. ही बांधाबांध करणाऱ्यांपुढे अडचण अशी की दोन्ही डेटाबेसांच्या फायलींची नावे तीच, आज्ञांची नावे तीच आणि राहण्याची जागाही तीच. एका म्यानात दोन तलवारी राहीनात. शिवाय 'मायएसक्यूएल बसव' असे साध्या माणसाने सांगितले, तर त्याच्या पदरात कोणते पुडके घालावयाचे, हेही ठरविणे भाग होते.

ज्याने त्याने आपापल्या मताप्रमाणे तोडगा काढला. जुलै 2013 मध्ये आलेल्या फेडोराच्या एकोणिसाव्या आवृत्तीने मारियाडीबीला मुख्य आसन दिले; मायएसक्यूएलला घरात ठेवले, पण 'कम्युनिटी-मायएसक्यूएल' असे उपपद लावून. उबुंटूने मायएसक्यूएलच मुख्य ठेवले आणि मारियाडीबीलाही जागा दिली. डेबियनने जून 2017 च्या नवव्या आवृत्तीपासून आपल्या स्थिर संग्रहात मारियाडीबी तेवढे ठेवले. त्याला सबळ कारण होते. सुरक्षिततेतील उणिवा बुजविताना त्यांचा नेमका तपशील ऑरेकल उघड करीत नाही. त्यामुळे तेवढेच ठिगळ उचलून लावता येत नाही, सबंध नवी आवृत्ती घ्यावी लागते. त्यातच दोन जवळजवळ सारख्या वस्तूंची निगा दुप्पट श्रमाने राखावयाची, आणि ती बहुशः स्वयंसेवकांनी! आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेने तयार केलेले 'बॉस' हे लिनक्स डेबियनवरच आधारलेले आहे. तेव्हा त्या निर्णयाची झळ आपल्यापासून फार दूर आहे, असे कोणी समजू नये.

आरंभी दोघी बहिणींत इतके साम्य होते, की एकीच्या जागी दुसरी बसली तरी घरास पत्ता लागू नये. ते दिवस गेले. मारियाडीबीने 2014 च्या दहाव्या आवृत्तीपासून आकड्यांची वाट वेगळी केली. 2018 साली आलेल्या मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीने आपल्या वहीची आतली मांडणीच पालटली. तिने लिहिलेली वही मारियाडीबीला आता जशीच्या तशी उघडता येत नाही. सारा मजकूर साध्या अक्षरांत उतरवून नव्या वहीत पुन्हा भरावा लागतो. म्हणजे जे आसन कोणास द्यावे एवढाच प्रश्न होता, त्याचे रूपांतर आज परतीची वाट खुली राहते की नाही, या प्रश्नात झाले आहे.

आमचे मत असे, की बांधणाऱ्याने एकाला मुख्य मानावे, त्यावाचून त्याचा व्यवहार चालणार नाही. दोन्ही सांभाळण्याचे बळ नसेल तर एकच ठेवावे, त्यातही लाज नाही. पण दाराच्या पाटीवर एक नाव आणि आत राहणारा दुसरा, असे होऊ देऊ नये. डेबियनने या कामासाठी 'मुख्य मायएसक्यूएल' अशा अर्थाचे एक रिकामे पुडके ठेवले आहे. ते स्वतः काही करीत नाही, फक्त मारियाडीबीकडे बोट दाखविते. जाणत्यास ते पुरते. वाचनालयाच्या ग्रंथपालाला ते कोण सांगणार? खुल्या संहितेने वेगळी चूल मांडण्याचे स्वातंत्र्य दिले, हे तिचे मोठे देणे होय. परंतु ते स्वातंत्र्य आपली वही दुसरीकडे नेता आली तरच आपले.

यास्तव ज्या संस्थांनी ग्रंथयादी संगणकावर चढविली आहे, त्यांच्या चिटणीसांना आमची विनंती आहे. आपल्या यंत्रात कोणता डेटाबेस आहे आणि त्याची आवृत्ती कोणती, हे दफ्तरात शाईने लिहून ठेवावे. महिन्यातून एकदा सारी यादी साध्या मजकुराच्या रूपात उतरवून घ्यावी, आणि वर्षातून एकदा ती दुसऱ्या यंत्रावर भरून पाहावी. यंत्र दुरुस्त करणारा उद्या बदलेल, वितरणही बदलेल. आजोबांच्या काळापासून जमविलेल्या पुस्तकांची यादी मात्र पुन्हा हाताने लिहिण्याची पाळी कोणावर येऊ नये.